बोडीतले लहान झिंगे

नागपूरहून गोंदियाची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन रिकाम्या काचेच्या बरण्या होत्या आणि पिशवीत एक भिंग. समोरच्या बाकावरच्या काकूंनी बरण्यांकडे पाहून विचारले, "लोणचं घालायचंय का?" मी झिंगे ओळखायला चालले आहे, हे सांगायचे धाडस मला झाले नाही. मी नुसती मान हलवली. मग भंडारा रोड येईपर्यंत त्यांनी मला लिंबाच्या लोणच्याची सगळी कृती समजावून सांगितली. मीठ शेवटी घालायचे नाही, एवढे त्यातले अजून लक्षात आहे.

मी बीडकडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आता नागपूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी करते आहे. आमच्या गावाला पाणी म्हणजे विहिरीचे, नाहीतर टँकरचे. झिंगा मी लहानपणी पाहिला तो आठवडी बाजारातल्या सुकटीत. कॉलेजात सरांनी मला प्रकल्पाला गोड्या पाण्यातले झिंगे दिले, तेही स्पिरिटच्या बाटल्यांमधले. जिवंतपणी कोणत्याही रंगाचा असो, स्पिरिटमध्ये गेला की झिंगा पांढरट होतो. तेव्हा रंगावर जायचे नाही, हातापायांवर जायचे, हे मी शिकले होते. पण अजून एकही जिवंत झिंगा मी जवळून पाहिला नव्हता. हे सगळे मी गावाकडच्या मैत्रिणींसाठी लिहिते आहे. भावाने आईलाही वाचून दाखवावे, अशी इच्छा आहे.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी प्रणाली गोंदिया जिल्ह्यातली. तिची शकुनआत्या सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यात राहते. तिथल्या बायकांच्या गटाने एक बोडी (शेताजवळचे लहान तळे) मासे धरायला घेतली आहे. गोंदिया शहरात शोभेच्या माशांचे एक दुकान आहे. तिथला दुकानदार काचेवरचे शेवाळ खाणारे छोटे झिंगे शोधत होता. आत्याने ते काम गटासाठी मिळवले आणि पहिली बादली पाठवली. काही दिवसांतच त्यातल्या काही झिंग्यांनी दुकानातल्या माशांची पिल्ले खाऊन टाकली. दुकानदार भडकला. आत्या म्हणत होती, त्याने सांगितले तेच आम्ही पाठवले. दुकानदाराने आणखी एक बादली, शेवटची, पाहायचे कबूल केले होते. या वेळीही तसेच झाले तर काम बंद, आणि गटातल्या बायकांना पटवून पुढे आणणारी आत्या तोंडघशी पडणार. प्रणालीची परीक्षा होती. ती मला म्हणाली, "तू जा ना. तुला ओळखता येतात." मला खरेच ओळखता येतात का, हे मलाही पाहायचे होते.

गोंदियाला उतरून मी आधी त्या दुकानात गेले. शहरात जिकडेतिकडे हिंदी ऐकू येत होती. दुकान अरुंद, पण आत टाक्यांचा निळा उजेड. दुकानदार भैया बोलायला लागले ते थांबेनात.

"देखो बेटा, मैंने क्या बोला था? छोटेवाले लाना, छोटेवाले. छोटे ही आए, मैं मना नहीं करता. और मेरे गप्पी के बच्चे साफ! ये क्या बात हुई?"

"मतलब, सगळेच तसे होते का?" माझ्या तोंडून निम्मे मराठीच आले.

"सब नहीं. आधे सीधे थे, आधे गुंडे. लेकिन दिखते सब एक जैसे."

शेजारच्या टाकीत लाल झिंगे होते. बाहेरून आलेली 'चेरी' जात आहे, असे ते म्हणाले. मी वाकून पाहिले. त्या झिंग्यांचे पुढचे चार हात एका क्षणासाठीही थांबत नव्हते. हाताच्या टोकाला बारीक केसांचा झुबका. त्याने दगड झाडायचा आणि हात तोंडाशी न्यायचा, पुन्हा झाडायचा, पुन्हा तोंडाशी. सहा महिने पुस्तकात 'हाताच्या टोकाशी केसांचे झुबके' असे वाचत होते, ते हे! मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. शेवटी भैया म्हणाले, "बेटा, खरीदना है कि सिर्फ पिक्चर देखना है?"

गोंदियाहून बस गोरेगावमार्गे निघाली. दोन्ही बाजूंना धान कापून झाले होते. बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे (कापलेल्या पिकाचे रचलेले ढीग) उभे होते. मधेच नागझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याची वाघाचे चित्र असलेली पाटी गेली. पुढे सागाची झाडे दाट झाली आणि हवेत गारवा आला. आमच्याकडे इतके हिरवे पावसाळ्यातही दिसत नाही. खिडकीतून पाहताना भानच राहिले नाही. कोहमाऱ्याला महामार्गावर ट्रकांची रांग आणि ढाबे पाहून मला वाटले, आले गाव. मी बरण्या सावरत उठले.

"कुठं जाचं हाय वो तुले?" कंडक्टरने विचारले.

"सडक अर्जुनी."

"मंग इथं कायले (कशाला) उतरून राहिली? बस ना खाली!"

सगळी बस हसली. मी बसले. आमच्याकडे कंडक्टर इतके स्पष्ट बोलला असता तर मला रडू आले असते. इथे मात्र शेजारच्या आजोबांनी लगेच सरकून जागा दिली आणि सडक अर्जुनी आल्यावर माझ्या आधी तेच ओरडले, "ये पोरी, आता उतर!"

शकुनआत्या स्टँडवर उभी होती. उंच, सावळी, डोक्यावर पदर, हातात रिकामी बादली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"तूच का वो झिंगेवाली मॅडम? मले वाटलं चश्मेवाली मोठी बाई येईन. तू तं लहानच हाय."

"मला मॅडम नका म्हणू, आत्या."

"नाई म्हनत. चाल."

बोडी गावाच्या कडेला होती. बांधावर मोहाची झाडे, पाण्यात कमळाची सुकलेली पाने. आत्याच्या गटातल्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून मच्छरदाणीच्या कापडाची झोळी ओढत होत्या. झोळी काठाला आणून त्यांनी ती बांबूच्या चाळणीवर उपडी केली. चाळणी पाण्यावर धरून हलवायची. लहान ते खाली बादलीत गळायचे, मोठे वर राहायचे. वरचे टोपलीत, घरी खायला आणि बाजाराला. खालचे बादलीत, दुकानाला. त्यांच्या सासवाही झिंगे असेच निवडायच्या. फरक एवढाच की तेव्हा लहान पुन्हा पाण्यात सोडत.

"पाय (पाहा) आता," आत्या म्हणाली. "यातले गुंडे कोनते, सांग."

मी बादलीत पाहिले. पाण्यात काहीच दिसत नव्हते! स्पिरिटमधले पांढरे झिंगे मला पाठ होते. हे काचेसारखे होते. काळे डोळे तेवढे इकडून तिकडे सरकत होते. हात कुठे, पाय कुठे, कळायच्या आत ते टुणकन उडायचे. मी भिंग धरून बसले. मान दुखायला लागली.

"मॅडम झिंग्याले पाहून राहिल्या का पान्याले?" भागरताबाई म्हणून एक ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई होती, तिने विचारले. "पानी आमी वरखून (ओळखून) देतो, ते आमचंच हाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून घाबरले होते. उद्या सकाळी ही बादली घेऊन आत्या गोंदियाला जाणार होती. मी काही बोलले नाही तर ती आहे तशीच जाणार. चुकीचे बोलले तर त्याहून वाईट. मी म्हणाले, "आत्या, संध्याकाळपर्यंत थांबता का?" ती म्हणाली, "थांबतो ना. झिंगे कुठं पळून राहिले?"

संध्याकाळी आत्याच्या अंगणात जेवण होते. भागरताबाईही आली होती. गरम भात आणि टोपलीतल्या झिंग्यांची टमाटे घालून केलेली भाजी, वर सांभार (कोथिंबीर). आमच्या घरी माळकरी आजीमुळे मासे शिजत नाहीत. मी खाईन की नाही, याची मलाच खात्री नव्हती. पहिला घास भीतभीत घेतला. गोडसर, कुरकुरीत. दुसरा घास घ्यायला बोटे घातली आणि थांबले.

शिजलेला झिंगा पारदर्शक नसतो. तो पांढरा-तांबूस होतो, स्पिरिटमधल्यासारखा. माझ्या ताटात माझ्या ओळखीचे झिंगे पडले होते!

मी एक झिंगा ताटाच्या कडेला घेतला. दुसऱ्या जोडीचा हात लांब, नाकापुढे गेलेला, टोकाला चिमटा. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसरा जरा छोटा, जेमतेम चाळणीवर राहिलेला. त्याचे हात आखूड. आणि पोटाखाली अंडी.

"आत्या, पिशवीतलं भिंग देता?"

"भाजीत केस आला का वो?" आत्या दचकून उठली.

"नाही, नाही. झिंगा पाहायचाय."

मी डाव्या हाताने भिंग धरून जेवणातला झिंगा पाहू लागले. भागरताबाईने तोंडाला पदर लावला. "अवो माय! आमी खाऊन राहिलो अन् हे वाचून राहिली."

आखूड हातांच्या टोकाला रश्शात चिकटलेले केस होते. झुबके. दुकानातल्या लाल झिंग्यांसारखे.

"आत्या, हा शेवाळ खाणारा आहे. दुकानदाराला हवा तो हाच."

"हा? पन हा तं टोपलीतला. मोठा."

"मोठा नाही. ही पूर्ण वाढलेली मादी आहे, अंडी आहेत बघा. हिची जातच लहान. यापेक्षा मोठी होणारच नाही." मी लांब हाताचा झिंगा शेजारी ठेवला. "ही जात बोटाएवढी होते. हिची पिल्लं लहानपणी या अंडीवालीपेक्षाही बारीक असतात, आणि चाळणीतून गळतात."

आत्याने ताट आपल्याकडे ओढले.

"म्हंजे," ती हळूहळू म्हणाली, "दुकानवाल्यानं लहान मांगतले. आमी लहान देल्ले. त्याले लहान जात पायजे होती, अन् आमी लहान लेकरं धाडले."

"हो. दोघांचंही खरंच होतं."

"अन् त्याच्या कामाच्या मोठ्या बाया आमी भाजीत टाकून राहिलो!" भागरताबाई म्हणाली. तिने आपल्या ताटातला झिंगा उचलून पाहिला, जरा विचार केला आणि खाऊन टाकला. "आता शिजली तं शिजली."

मला तेवढ्यात एक शंका आली आणि ती सांगितल्याशिवाय राहवले नाही. लांब हातांच्या जातीच्या माद्यांनाही अंडी असतात. तेव्हा अंडी दिसली म्हणजे ती लेकरू नाही, एवढेच ठरते. जात हातावरूनच ठरवायची. शिवाय शेवाळवाले झिंगे कॅरिडिना या वंशातले आहेत, इतपत मी सांगू शकते. त्यातली नेमकी जात कोणती, ते मला येत नाही. हे बोलताना माझा आवाज अगदी बारीक झाला होता.

आत्या म्हणाली, "पूर्ण नाव नसलं तरी चालते. खोड माहीत पायजे. जेव आता, भात थंडा झाला."

सकाळी चाळणी घरीच राहिली. आत्याने घरातली पांढरी परात बोडीवर आणली. परातीत बोटभर पाणी घालून थोडेथोडे झिंगे सोडायचे, हे मी सुचवले. पांढऱ्यावर त्यांची सावली पडते आणि हात दिसतात. तोडून आणलेले थोडे शेवाळ मध्ये ठेवायचे, ही भागरताबाईची कल्पना. शेवाळ दिसताच त्यातले काही झिंगे त्यावर बसून चारही हातांनी झाडायला लागले. बाकीचे कडेला जाऊन लांब हात पुढे करून उभे राहिले, कोणाची वाट अडवल्यासारखे.

"हे पाय, फडा (झाडू) मारून राहिली!" भागरताबाई ओरडली. "फडेवाली! अन् हा चिमटेवाला."

नावे ठरली. फडेवाल्या बादलीत, चिमटेवाले टोपलीत. जो कळत नव्हता तो वेगळ्या गंजात (पातेल्यात). त्याला मी भिंगाखाली घ्यायची. पहिल्यापहिल्यांदा मी प्रत्येक झिंग्याला दोनदा पाहत होते. नंतर बायकाच मला दाखवायला लागल्या आणि मी फक्त हो-नाही म्हणू लागले. मधे एकदा मी चिमटेवाला बादलीत टाकला, तर एकजण म्हणाली, "मॅडम, तो गुंडा तुमाले मामा बनवून गेला." मी तो शोधून काढेपर्यंत सगळ्या थांबल्या.

अंडीवाल्या फडेवाल्यांचे काय करायचे, यावर थोडा वाद झाला. आत्याच्या मते पोटुशींना दुकानात धाडायचे नाही. तिच्या घरामागे एक सिमेंटचे टाके होते. त्यात त्यांना सोडायचे. मग टाक्यात जे होईल ते आईवरून माहीतच असेल, निवडायला नको.

"पन पिल्लं टाक्यात जगतीन का वो?" तिने मला विचारले. "कोनी म्हनते झिंग्याले समुद्र पायजे."

मी भिंगातून अंडी पुन्हा पाहिली. थोडी होती आणि आकाराने मोठी. मोठी अंडी असलेल्या जातींची पिल्ले आईसारखीच पूर्ण होऊन बाहेर येतात, असे मी वाचले होते. समुद्र इथून किती दूर! "जगतील असं वाटतं," मी म्हणाले. "पण खात्रीनं नाही सांगता येत." एक अंडीवाली मी माझ्या बरणीत घेतली.

बादलीला ओला रुमाल बांधून आत्या आणि मी गोंदियाच्या बसमध्ये बसलो. गोरेगावच्या अलीकडे एक खड्डा आला. रुमाल सुटला आणि ओंजळभर पाणी पुढच्या गृहस्थाच्या धोतरावर सांडले.

"काऊन वो, आंघोळ घालून राहिली का मले?"

"पानीच हाय गा, बाबा," आत्या म्हणाली. "झिंगा गेला असन तं तेवढा पाहून द्या."

तो बिचारा खरेच उभा राहून धोतर झटकू लागला. झिंगा नव्हता. पण पुढचा सगळा प्रवास तो दर थोड्या वेळाने स्वतःकडे पाहत होता.

दुकानात भैयांनी बादलीत डोकावून पाहिले. "फिर वही छोटे. और किसने छाँटे?"

आत्याने माझ्याकडे बोट केले.

"ये? ये तो खुद छोटी है, बाई."

मी खाली पाहू लागले. आत्याने पदर नीट केला.

"दिसाले लहान हाय," ती म्हणाली. "लेकरू नाई हाय."

मी भैयांना दोन्ही जातींचा फरक सांगितला. हिंदीत सांगताना दोनदा अडखळले. शेवटी बोलणे सोडून त्यांच्याच लाल झिंग्यांचे हात दाखवले आणि मग बादलीतले. भैयांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले, मग भिंग मागून पाहिले. त्यांनी मूठभर झिंगे माशांच्या पिल्लांच्या टाकीत सोडले आणि म्हणाले, "चलो. आठ दिन रहने दो. बच्चे बचे, तो काम पक्का." स्टेशनावर आत्याने माझ्या हातात मुरमुरे आणि गुळाची पुडी दिली. गाडी हलली तेव्हा खिडकीपाशी चालत म्हणाली, "पोहचली का फोन करजो."

ते आठ दिवस मला अभ्यास सुचला नाही. नवव्या दिवशी प्रणालीला आत्याचा फोन आला. माशांची पिल्ले शाबूत होती. भैयांनी दुसरी बादली मागवली होती, आणि आत्याने त्यांचे शब्द जसेच्या तसे ऐकवले: "बाई, छोटे मत बोलो अब. फडेवाले भेजो, फडेवाले." गोंदियाच्या बाजारात एक नवा शब्द रुजला होता, तो भागरताबाईचा.

माझी बरणी वसतिगृहाच्या खिडकीत होती. अंडीवालीला मी शेवाळाचा एक गोळा दिला होता. ती रोज तो झाडायची आणि मी अभ्यासातून उठून तिला पाहायची. एका सकाळी तिच्या पोटाखाली अंडी नव्हती. मला वाईट वाटले. वाटले, पडून गेली, मेली. आत्याला काय सांगू? मग भिंग घेऊन काचेजवळ गेले. शेवाळावर धुळीच्या कणाएवढे काहीतरी हलत होते. आणखी एक. आणखी कितीतरी. भिंग जवळ नेले. त्यांना डोळे होते, मिशा होत्या, आणि पुढचे हात चालले होते. झाडायचे आणि तोंडाशी न्यायचे. झाडायचे आणि तोंडाशी न्यायचे.

मी आत्याला फोन लावला.

"आमच्या टाक्यातबी निंगाले," मी काही सांगायच्या आत ती म्हणाली. "कालच. तुले फोन करनार होतो, पन म्हटलं पोरीचा अभ्यास असन. डोऱ्याले दिसत नाई वो, भागरतानं तुयासारखं भिंग आनलं बाजारातून. सगळ्या रांग लावून पाहून राहिल्या." मग तिने विचारले, अगदी गंभीरपणे, पुन्हा चूक व्हायला नको अशा आवाजात, "आता हे जे लहान हायत, हे लेकरंच हायत ना?"

"हो आत्या," मी म्हणाले. "हे लेकरंच आहेत."

खूप दिवसांनी एखादी गोष्ट मी न अडखळता सांगितली.